४-३-३ की ३-४-३: कडेने पळणार कोण?

फुटबॉलच्या या दोन्ही रचनांत (आकडे मागून पुढे: बचाव, मधली फळी, हल्ला) पुढे तिघंच. त्यामुळे कुठली जास्त आक्रमक, हा वाद फळ्यावर घालत बसण्यात अर्थ नाही. परभणी-नांदेडकडच्या एखाद्या कॉलेजचा संघ तुमच्या हाती असेल, तर आधी मैदानाच्या दोन्ही कडा बघा. तिथे तुमच्याकडे किती माणसं आहेत?

४-३-३ मध्ये प्रत्येक कडेला दोघं: मागे बॅक (कडेचा बचावपटू), पुढे विंगर (कडेचा आक्रमक). एक दमला तर दुसरा सांभाळून घेतो. ३-४-३ मध्ये पुढच्या तिघांतले दोघं बहुधा आत सरकून खेळतात, आणि बाहेरची अख्खी पट्टी मधल्या चौघांतल्या कडेच्या खेळाडूच्या, म्हणजे विंगबॅकच्या, गळ्यात पडते. हल्ल्यालाही तोच, बचावालाही तोच. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेलेला, पायाखाली मुरूम, आणि बदली खेळाडू म्हणून बाकावर चारच पोरं. अशा सामन्यात सत्तराव्या मिनिटाला विंगबॅक गुडघ्यावर हात टेकून उभा दिसला तर त्याला ओरडू नका. चूक फळ्यावरची आहे.

४-३-३ फुकटात मिळते असंही नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या लिव्हरपूलच्या २०१८-१९ च्या संघात ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्डने लीगमध्ये १२ आणि रॉबर्टसनने ११ गोलांसाठी शेवटचा पास दिला; दोघंही बॅक. ते बघून आपल्याकडची पोरंही बॅकवरून सुसाट निघतात. पण त्यांच्या मागे पडलेली जागा फाबिन्यो, हेंडरसन, वाइनाल्डम भरायचे, हे कुणी बघत नाही. पुढे फर्मिनो खाली उतरून समोरच्या स्टॉपरला (मधल्या बचावपटूला) ओढायचा आणि त्या फटीत सालाह-माने घुसायचे. त्या मोसमात दोघांचे लीगमध्ये २२-२२ गोल. आपण मात्र मधल्या तिघांत सगळ्यात छान ड्रिबल करणारी पोरं भरतो, आणि चेंडू गेला की ती कमरेवर हात ठेवून बघत राहतात. मधे निदान दोघं तरी पडेल ते काम करणारे हवेत.

३-४-३ मध्ये ही अडचण आणखी टोकदार होते, कारण मैदानाच्या पोटात दोघंच उरतात. समोरच्याने तिथे तिघं लावले की तुमचे दोघं नुसते चेंडूमागे फिरतात. सप्टेंबर २०१६ मध्ये आर्सेनलकडून ०-३ हरल्यावर प्रशिक्षक अँटोनिओ काँटेने त्याच लीगमधल्या चेल्सीला या रचनेत बसवलं. पुढे लीगचे सलग १३ सामने जिंकून संघ विजेता झाला. विंगर मोझेसचा त्याने विंगबॅक केला, बॅक अस्पिलिक्वेताला स्टॉपरांत आणलं. पण मधल्या दोघांत एक एनगोलो कांते होता, न थकता पळून चेंडू हिसकावणारा. तुमच्या गावात कांते असेल तर खुशाल ३-४-३ खेळा.

तरीही तिची एक बाजू भक्कम आहे. समोर दोन स्ट्रायकर असतील तर तीन स्टॉपरांत एक नेहमी मोकळा राहतो. ऑगस्टच्या पावसात काळ्या मातीत चेंडू रुततो, पास अडकतो, सगळा खेळ उंच चेंडूंवर येतो. तेव्हा तीन उंच पोरं मागे असणं सोन्यासारखं. समोर एकच स्ट्रायकर असेल तर मात्र दोघं रिकामे उभे राहतात.

आणि आपल्याकडचं खास दुखणं: बारावी जवळ आली की चांगला खेळाडू नीटच्या क्लाससाठी लातूरला जातो. विंगबॅक तयार व्हायला अख्खा मोसम लागतो. तो गेला तर रचनाच जाते. साधा बॅक गेला तर दुसरा उभा करता येतो.

म्हणून माझं मत ४-३-३ ला. ब्राझीलच्या ४-२-४ मधला लेफ्ट विंगर झागालो १९५८ च्या विश्वचषकात मागे येऊन मधल्या फळीला हात देऊ लागला, तिथूनच ४-३-३ आकाराला येत गेली. दुसऱ्यासाठी पळणारं असं एक पोरगं प्रत्येक संघात सापडतं; त्याला विंगवर टाका. गोल हवाच असेल तर शेवटच्या वीस मिनिटांत कुणाला न बदलता ३-४-३ करता येते: उजव्या बॅकने मधल्या फळीत चढायचं, डाव्याने आत सरकून स्टॉपरांच्या रांगेत थांबायचं. फक्त कोण चढणार आणि कोण थांबणार, हे सामन्याआधी दोघांनाही सांगून ठेवा.