पाच वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प: नऊ महिने वापरल्यावर

पाच वॅट म्हणजे फ्लॅटमध्ये सहज खपून जाईल, अशा समजुतीने हा गिटारचा अ‍ॅम्प घेतला. पहिल्याच रविवारी समोरच्या काकूंनी बेल वाजवली. "आवाजाचं काही नाही रे, पण तेच तेच का वाजवतोस?"

पाच वॅट हा पन्नास वॅटचा दहावा हिस्सा असला, तरी फरक दहाच डेसिबलचा. कानाला आवाज जेमतेम निम्मा वाटतो. कोथरूडच्या दहा बाय बाराच्या खोलीत निम्माही पुष्कळ होतो.

अ‍ॅम्प एका हौशी माणसाने हाताने बांधलेला, सेकंडहँड. सर्किट फेंडर कंपनीच्या १९५०च्या दशकातल्या चॅम्प नावाच्या अ‍ॅम्पचं, म्हणजे ५एफ१ मॉडेलचं. व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, तीन: गिटारचा सिग्नल वाढवायला एक १२एएक्स७, स्पीकर चालवायला एक ६व्ही६, एसीचं डीसी करायला ५वाय३. आणि आठ इंची स्पीकर. बटण एकच, व्हॉल्यूमचं. मागून पेटलेले व्हॉल्व्ह बघून बाबा म्हणाले, "हा तर आपला जुना रेडिओ!" खरंच आहे, ६व्ही६ त्या काळी रेडिओतही असायचा.

मावसभाऊ अमेरिकेतून एक आणायला तयार होता, पण तो १२० व्होल्टचा. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, फ्रीक्वेन्सी नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. म्हणून २३० व्होल्टचाच शोधला.

पहिला आठवडा घूं-घूं ऐकण्यात गेला. मी अ‍ॅम्पला शिव्या घालत होतो आणि दोष निघाला घराचा. सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. इलेक्ट्रिशियनने ते जोडल्यावर घूं गेलं, चिरचिर उरली. ती पंख्याच्या रेग्युलेटरची, गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमधून (तारांची कंपनं पकडणाऱ्या कॉइलमधून) येणारी. आता वाजवताना पंखा बंद. मे महिन्यात रियाझ कमी झाला, त्याचं कारण हेच.

जमिनीवर, कोपऱ्यात ठेवला तेव्हा जाड तार नुसती घुमायची. प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला तर खुर्चीच थरथरायला लागली. आता भिंतीपासून हातभर पुढे, लाकडी स्टुलावर असतो.

पाचव्या महिन्यात प्रत्येक सुराबरोबर टणटण यायला लागली. पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली तर १२एएक्स७ स्पीकरमधून बोलत होता. तापकीर गल्लीतल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिकने सोल्डरिंग तपासून दिलं आणि व्हॉल्व्हच गेलाय म्हणाले. मी ऑनलाइन १२एवाय७ मागवला. त्याचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची ताकद, निम्म्याहून कमी. त्यामुळे नॉब घड्याळाचा काटा मानला, तर आधी नऊच्या जागी फाटणारा आवाज आता बारापर्यंत स्वच्छ राहतो. मी नॉब दोनच्या जागी ठेवतो आणि बाकी सगळं गिटारच्या व्हॉल्यूमवर: सातवर गोड, दहावर खरखरीत. आधीच्या अ‍ॅम्पवर सहा नॉब होते, पण गिटारवरच्या नॉबला मी कधी हात लावला नव्हता.

६व्ही६ बदलला तरी बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट जायचा ते) लावावा लागत नाही, कॅथोड बायस आहे, तो आपोआप जुळतो. पण चेसिस स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले असू शकतात. आणि स्पीकर न जोडता कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

हेडफोनची सोय नाही, त्यामुळे रात्री नऊनंतर बंद.

उणीव आठ इंची स्पीकरची. खर्ज पातळ वाटतो. मित्राचं बारा इंची स्पीकरचं कॅबिनेट ओहम (स्पीकरचा रोध) जुळवून लावलं तर अ‍ॅम्प दुप्पट मोठा वाटला. त्याने ते अजून परत मागितलेलं नाही आणि मीही विषय काढलेला नाही.