देवीच्या कपाटातल्या चाचणी-पट्ट्या: नऊ महिने वापरल्यावर

आमच्या ग्रामदेवतेची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, वर्षभर देवळातल्या काचेच्या कपाटात असतात आणि शिमग्याला पालखीत लागतात. कपाट नवीन केल्यापासून ती महिन्याभरात काळवंडायला लागली. गाव रत्नागिरी तालुक्यातलं, पुढे समुद्र, मागे खाडी. सगळ्यांचं एकच म्हणणं, खारं वारं. मलाही ते पटलं होतं. पण दरवेळी घासताना थोडी चांदी जातेच, आणि देवीचं नाक आता पुसट व्हायला लागलंय. म्हणून जूनमध्ये चांदी-तांब्याच्या चाचणी-पट्ट्या मागवल्या.

काम अगदी साधं. घासून चकचकीत केलेली पट्टी ३० दिवस टांगायची, मग पाकीट बंद करून लॅबला पाठवायची. तिथे गंजाचा थर विजेने उतरवून त्याची जाडी मोजतात, अँगस्ट्रॉममध्ये. एका मिलिमीटरात असे एक कोटी! महिन्याला चांदीवर २०० आणि तांब्यावर ३०० च्या आत असेल तर हवा सौम्य समजतात. हे निकष मुळात इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या खोल्यांसाठी केलेले, पण संग्रहालयांतही कामाला येतात.

एक संच कपाटात टांगला, एक सभामंडपात. पहिल्याच महिन्यात कपाटातली चांदी आधी पिवळसर, मग तपकिरी, शेवटी निळसर काळी झाली. मंडपातली, जिथे ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास थेट येतो, ती मात्र नुसती पिवळी. तांब्याचं नेमकं उलट: मंडपातलं डागाळलं, आतलं बरं. चांदीला काळं करतो तो मुख्यतः गंधक, तांब्याला मीठही बाधतं. म्हणजे मीठ बाहेर, गंधक आत! मिठाला साधारण ७५ टक्के आर्द्रता मिळाली की ते हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात त्याहून कोरडी हवा असते कुठे?

मग संशय काचेभोवतीच्या काळ्या रबरावर गेला. असं रबर घट्ट करायला गंधक घालतात आणि ते हळूहळू गंधकाचे वायू सोडत राहतं. त्याचा तुकडा, चांदीची पट्टी आणि ओला कापूस लोणच्याच्या बरणीत बंद करून ठेवले. शेजारच्या बरणीत तेच सगळं, फक्त रबर नाही. तीन आठवड्यांत रबराच्या बरणीतली काळी, दुसरी होती तशी. सप्टेंबरात रबर काढलं. कारागीर त्याजागी सिलिकॉन घेऊन आला, पण त्याला व्हिनेगरचा वास. ते आम्ल तांब्या-शिशाला बाधतं, म्हणून परत पाठवलं आणि बिनवासाचं लावून घेतलं.

आता तक्रारी. पट्टी महिन्याची बेरीज सांगते. कुठला दिवस, नक्की कुठला वायू, ते नाही. अहवाल यायला पंधरा-वीस दिवस लागतात. बोट लागलं तर घामाचा ठसा उमटतो. नोव्हेंबरचा महिना तर पूर्ण वाया गेला: गुरवकाकांनी पट्टी रांगोळीने घासून लखलखीत केली. ‘काळी पडली होती, म्हटलं दिवाळी आहे,’ म्हणाले. काय बोलणार?

पट्ट्यांच्या आधी हवा मोजायचं एक डिजिटल यंत्रही घेतलं होतं. ते पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मोजतं, चांदी काळी करायला पीपीबीतला (अब्जात काही भाग) गंधक पुरतो. वर्षभर ते शून्यच दाखवत होतं. आता घड्याळ म्हणून वापरतोय.

जानेवारीपासून कपाटातली पट्टी जेमतेम पिवळी होते. पुढचा संच मंडपातल्या पितळी घंटेजवळ टांगणार आहे, तिच्यावर हिरवे ठिपके दिसायला लागलेत. तिथे मात्र खाऱ्या वाऱ्याला दोष द्यायला माझी हरकत नाही.