संगीन त्याची, गोष्ट माझीच

पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कुट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यातली म्हणून मी 28 हजारांना एक संगीन, म्हणजे बंदुकीच्या टोकाला लावायचं पातं, घेतली. ती कुटला गेली असणं शक्यच नव्हतं. कसा फसलो ते सविस्तर लिहितोय, कारण जुनी शस्त्रं जमवणारे आपण लोक फसलो की तोंड मिटून बसतो. एक तर लाज वाटते. दुसरं कारण पुढे येईलच.

घोळ पहिल्याच फोनवर झाला. विकणाऱ्या गृहस्थाकडे थ्री-नॉट-थ्री रायफलच्या दोन-तीन संगिनी असल्याचं कानावर आलं होतं, म्हणून चौकशी केली. बोलता बोलता सांगून बसलो, की माझे पणजोबा 103 नंबरच्या मराठा पलटणीत, म्हणजे आजच्या जंगी पलटणीत होते आणि एप्रिल 1916 मध्ये कुट पडलं तेव्हा तुर्कांच्या कैदेत गेले. तो नुसता "अरे वा" म्हणाला. चार दिवसांनी त्याचाच फोन. "साहेब, योगायोग बघा, एका सुभेदाराच्या वाड्यातून माल आलाय. कुटचा. मुठीवर पलटणीचा नंबर आहे." निम्मे पैसे मी त्याच रात्री पाठवले, उरलेले वस्तू हातात पडल्यावर.

लाकडी मूठ तेल पिऊन काळी पडलेली, पातं बारा-साडेबारा इंच, मुठीच्या टोकाच्या लोखंडावर इंग्रजीत '103 मराठा'. मुठीलगतच्या सपाट भागावर मुकुट आणि 'जी आर आय'. "जॉर्ज राजाचा शिक्का आहे, म्हणजे पहिलं महायुद्ध," असं त्यानं सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. दोन महायुद्धांच्या काळात जॉर्ज दोन होऊन गेले, पाचवा आणि सहावा, आणि 'जी आर आय' दोघांच्याही काळात मारत, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. त्या वेळी आठवायचंच नव्हतं. खंडेनवमीला आईनं संगिनीला हळद-कुंकू वाहिलं, पणजोबांचा फोटो शेजारी ठेवला.

दसऱ्याला सोनं द्यायला शेजारचे काका आले. लष्करात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, होते. चष्मा चढवून त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "अरे, हिची खोबण कुठाय?"

पहिल्या महायुद्धातली नेहमीची संगीन म्हणजे 1907 चा नमुना. पातं 17 इंच आणि दोन्ही अंगांना लांब खोबण. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात ही लांब पाती कापून 12 इंचांची केली. अशा कापलेल्या पात्याची खोबण जवळजवळ टोकापर्यंत जाते. पुढे ईशापूरच्या रायफल कारखान्यात नवीनच आखूड पाती बनू लागली, ती बिनखोबणीची आणि सपाट. माझी त्यातली. मी अडून बघितलं, "पण काका, 1903 ची संगीन बारा इंचीच होती ना?" होती. तिला दोन्ही बाजूंनी धार असायची. माझ्या पात्याला एकाच बाजूनं होती. संपलं.

मग काकांनी भिंग मागितलं. नंबराच्या आसपासचं लोखंड काळंभोर, पण अक्षरांच्या खाचांच्या तळाशी धातू पांढराशुभ्र. शंभर वर्षं जुना ठसा आतूनही काळवंडलेला हवा. 'मराठा'चं स्पेलिंग आजचं होतं. त्या काळी पलटणीच्या नावात 'एम ए'नंतर लगेच 'एच' यायचा आणि पुढे दोन 'टी'. राजमुद्रेखाली कानस मारलेली होती. तिथे बॅटरीचा उजेड तिरका पाडला, पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. चार दिसला. मग तीन. 1943.

गंमत म्हणजे 1943 ची ईशापूरची संगीन म्हणून ती अगदी अस्सल आहे. त्या नावानं विकली असती तरी मी घेतली असती, पण 28 हजारांना नाही.

फोन केला तर आवाज बदललेला. "पोलिसांत जायचंय? जा ना. हत्यार तुमच्या घरात आहे." हेच ते दुसरं कारण. विकताना "ॲंटिक आहे, लायसनचा प्रश्नच नाही" म्हणणारा हाच. शस्त्र नियम 2016 मध्ये, बंदुका सोडून उरलेल्या शस्त्रांच्या पाचव्या वर्गात, 9 इंचांहून लांब पात्यांच्या यादीत तलवार-भाल्याच्या जोडीला संगीन नावानिशी आहे. ॲंटिक ठरवायचा शंभर वर्षांचा हिशोब पुरावस्तूंच्या 1972 च्या कायद्यातला, त्याचा इथे काय संबंध? आणि 1943 ची वस्तू त्या शंभरातही बसत नाही. परवाना कुठे लागतो ते अधिसूचनेवर ठरतं, तेव्हा विकत घेण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा. मी नंतर विचारलं, उलट्या क्रमानं. मग वकील मित्राला बरोबर घेऊन पोलिस ठाण्यात अर्ज दिला, संगिनीची माहिती स्वतःहून लिहून दिली आणि भारतीय न्याय संहितेच्या 318 कलमाखाली फसवणुकीची तक्रार केली. पैसे आलेले नाहीत.

मागच्या महिन्यात ओळखीच्या एका शीख सद्गृहस्थांनी फोटो पाठवून माझं मत विचारलं. लांब पातं, खोबण व्यवस्थित, मुकुटाखाली ठसठशीत 1907, आणि मुठीच्या टोकावर चकचकीत '36 सिख'. विकणारा तोच. संगीन सारागढीची आहे म्हणे. 36 सिखची सारागढीची लढाई 1897 ची, आणि हा नमुना 1907 चा. मी त्यांना एवढंच विचारलं, "पाजी, पहिल्या फोनवर तुम्ही त्याला घरचं काय काय सांगितलंत?"