फिकी आयाळ: फ्लॅक्सन की सिल्व्हर?

आल्प्समधल्या टिरोलचा हाफलिंगर आणि अमेरिकेतल्या केंटकीचा चॉकलेटी रॉकी माउंटन घोडा शेजारी उभे करा. आयाळ-शेपटी दोघांचीही पांढुरकी, पण कारणं वेगळी.

हाफलिंगर चेस्टनट, म्हणजे तांबूस. त्याच्या केसांत काळं रंगद्रव्य जवळपास नसतंच. आयाळ-शेपटीतला तांबूसपणा तेवढा फिका पडला, की झाला फ्लॅक्सन.

सिल्व्हरचं नेमकं उलट. पीएमईएल१७ जनुकातला हा बदल 2006 मध्ये सापडला. तो काळ्या रंगद्रव्यालाच फिकं करतो, तांबड्याला हात लावत नाही. म्हणून काळा घोडा चॉकलेटी होतो आणि आयाळ रुपेरी. बे (तांबडं अंग; आयाळ, शेपटी, पाय काळे) घोड्याचं अंग तांबडंच राहतं, फक्त आयाळ-शेपटी उजळते आणि पायांचा काळेपणा उतरतो. फसगत होते ती इथेच: असा घोडा फ्लॅक्सन चेस्टनट म्हणून सहज खपतो. (फोटोवरून रंग ठरवणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.)

शिवाय खरा चेस्टनट सिल्व्हर लपवून बाळगू शकतो आणि पुढे काळ्या घोडीच्या शिंगरात तो उगवतो, कारण या जनुकबदलाची एक प्रत पुरते. दोन प्रती आल्या तर डोळ्यांत जन्मजात गंभीर दोष दिसतात. एका प्रतीत ते सौम्य असतात. फ्लॅक्सनला असा धोका जोडलेला नाही. त्यामुळे पैदाशीसाठी सिल्व्हर नर-मादी जुळवण्याआधी जनुकचाचणी करावीच.