‘४जी’ म्हणून विकलेला डोंगल आणि माझ्या नावावरचा दुसरा क्रमांक

जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम चालत नाही, केवळ पोस्टपेड चालते. ही गोष्ट आपल्याकडच्या अनेक पर्यटकांना श्रीनगरला उतरल्यावरच कळते आणि नेमक्या याच अडचणीवर तिथले काही दुकानदार हात धुऊन घेतात. आमच्यापैकी पत्नीचा क्रमांक पोस्टपेड होता. परंतु दिवसा ती मुलांना घेऊन फिरायला जाई, फोन तिच्याकडेच राही आणि मला मात्र हॉटेलवर बसून लॅपटॉपवर कार्यालयाचे काम उरकायचे होते. त्यामुळे आम्ही दोघे हॉटेलजवळच्या एका मोबाइलच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने स्थानिक सिम आणि ते आत घालून लॅपटॉपला इंटरनेट देणारा, यूएसबीला लावायचा डोंगल असे दोन्ही मिळून २,८०० रुपये सांगितले. डोंगलवर ‘४जी’ असे ठळक स्टिकर होते. त्याने तो स्वतःच्या लॅपटॉपला लावून एक चित्रफीत न अडखळता चालवून दाखवली. तो लॅपटॉप त्या वेळी दुकानाच्या वाय-फायवरच असणार, याबद्दल आता माझ्या मनात शंका उरलेली नाही. पक्के बिल मागितले तेव्हा मशीन बंद असल्याचे सांगून त्याने साध्या चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली.

हॉटेलवर आल्यावर जोडणी झाली, पण साधा ईमेलही उघडेना. लॅपटॉपच्या पडद्यावर उघडणाऱ्या डोंगलच्या खिडकीत सिग्नलच्या शेजारी ‘एज’ असे दिसत होते, म्हणजे जोडणी २जीवर होती. स्टिकरचा एक कोपरा सुटलेला होता. तो नखाने उचलला तर खाली कारखान्यात छापलेली मूळ अक्षरे निघाली : ‘७.२ एमबीपीएस’. हा वेग ३जीच्या काळातील डोंगलांचा आहे; ४जीच्या सर्वसाधारण डोंगलवर १५० एमबीपीएस असा आकडा असतो. देशातील मोठ्या खासगी कंपन्यांनी ३जी सेवा गुंडाळल्यामुळे असा डोंगल त्यांच्या सिमवर थेट २जीवर घसरतो आणि आजची संकेतस्थळे त्या वेगावर चालणे अशक्यच असते. भंगारात जाणारे जुने डोंगल नवे स्टिकर लावून पर्यटकाच्या गळ्यात मारण्याचा हा उद्योग आहे. परत गेलो तेव्हा दुकानदाराने डोंगराळ भागात नेटवर्क असेच असते, असे सांगून पैसे परत देण्यास साफ नकार दिला.

पैशांपेक्षा गंभीर प्रकार पुढे उघडकीस आला. सिम घेताना दुकानदाराने माझा फोटो काढला आणि पत्नीच्या फोनवर आलेला ओटीपी विचारून घेतला. नंतर फोटो अंधूक आल्याचे सांगून त्याने मला उजेडाकडे तोंड करून उभे केले, पुन्हा फोटो काढला आणि पुन्हा ओटीपी मागितला. पुण्याला परतल्यावर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर माझ्या नावावरील क्रमांक तपासले, तेव्हा तिथे मी कधीही न घेतलेला एक क्रमांक होता. म्हणजे दुसरा फोटो आणि दुसरा ओटीपी वापरून माझ्या नावावर आणखी एक सिम काढले गेले असणार. असा क्रमांक कोणाला तरी विकला जातो, त्यावरून गुन्हा घडला तर पोलिस आधी कागदोपत्री मालकाकडे येतात आणि निरपराध असल्याचे पटवून देण्याची पाळी त्याच्यावर येते. म्हणून ही बाब मी अतिशय कळकळीने लिहीत आहे. तो क्रमांक माझा नसल्याची नोंद मी त्याच संकेतस्थळावर केली.

प्रवासात डोंगल घ्यावाच लागला, तर तो आपल्याच लॅपटॉपला, वाय-फाय बंद करून, दुकानातच लावून पाहावा आणि खिडकीत ४जी किंवा एलटीई (४जीचेच दुसरे नाव) दिसल्याशिवाय पैसे देऊ नयेत. डोंगललाही मोबाइलप्रमाणे पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, असतो. इंग्रजीत ‘केवायएम’, मग मोकळी जागा आणि तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवला की उपकरणाची कंपनी व मॉडेल कळते, त्यामुळे वरचे स्टिकर काहीही सांगत असले तरी बिंग फुटते. फोटो किंवा ओटीपी दुसऱ्यांदा मागितला तर पहिला अर्ज रद्द झाल्याचे पडद्यावर दाखवायला सांगावे आणि दुकानदार टाळाटाळ करू लागला तर तिथून निघावे. दोनदा फोटो देऊन झाला असेल, तर परतीची वाट न पाहता त्याच रात्री ‘संचार साथी’वर आपले क्रमांक पाहावेत. डोंगलबद्दलची तक्रार मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवली आहे. पक्के बिल नसल्याने ती चिठ्ठी आणि अर्धे सुटलेल्या स्टिकरचे छायाचित्र एवढाच पुरावा मला सोबत जोडता आला.