घोड्याच्या कूर्चेसाठी मूळपेशी: अस्थिमज्जा की चरबी?

सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती एकदा झिजली की आपली आपण नीट भरून येत नाही. नागपुरात सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक शिकणाऱ्या मुलांना मूळपेशींचं, म्हणजे ज्यांच्यापासून कूर्चेच्याही पेशी बनू शकतात अशा पेशींचं, आकर्षण वाटतं ते याचमुळे. पण त्या घ्यायच्या कुठून?

चरबी काढायला सोपी. शेपटीच्या बुडाशेजारी जागा बधिर करून छोटा छेद घ्यायचा, घोडा उभाच असतो. पेशीही भरपूर मिळतात, वाढतातही झपाट्याने.

मज्जेचं काम जिकिरीचं. ती छातीच्या किंवा कमरेच्या हाडातून घेतात. छातीच्या हाडामागे हृदय असतं, त्यामुळे सोनोग्राफीत नेमकी जागा पाहूनच सुई घालायची. घाई अजिबात नको. मज्जेत मूळपेशी मोजक्याच, म्हणून प्रयोगशाळेत त्या काही आठवडे वाढवाव्या लागतात.

तरीही मी मज्जेच्याच बाजूने आहे. पेशींचा गोळा करून त्याला टीजीएफ-बीटा (पेशींना कूर्चेकडे वळवणारं प्रथिन) दिलं, की मज्जेतल्या पेशी टाइप २ कोलॅजन आणि ॲग्रिकन जास्त बनवतात. कूर्चेचा चिवटपणा कोलॅजनमुळे आणि पाणी धरून ठेवण्याची ताकद ॲग्रिकनमुळे. चरबीतल्या पेशी संख्येने कितीही असोत, इथे बहुतेक प्रयोगांत मागे पडल्यात.

मात्र मज्जेतल्या पेशी पुढे फुगून हाडाच्या वाटेला लागू शकतात, आणि सांध्यात भरून येणारी ऊतीही पुष्कळदा अस्सल कूर्चा नसून तंतुमय असते. घोड्याच्या मालकाला हे आधीच स्पष्ट सांगायला हवं.