टँडम सायकल : पार्टनरला सायकलिंगची गोडी लावायला घेतलेली, चांगलं-वाईट सगळं लिहितेय

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीच्या मॉडेलचा नाहीये, दोघांनी चालवायच्या दोन सीटच्या सायकलचा म्हणजे टँडमचा आहे. आमच्याकडे आहे ती स्टील फ्रेमची, डिस्क ब्रेकवाली, लांब फिरायला जायच्या टाइपची. नाव लिहून फार उपयोग नाही कारण जे चांगलं-वाईट आहे ते बहुतेक सगळ्या टँडमना लागू पडतं. आणि लिहितेय ते मुख्यतः अशा लोकांसाठी ज्यांना स्वतःला सायकलचं वेड आहे आणि घरातलं दुसरं माणूस म्हणतं "तू जा, मी झोपतो". आमच्यात वेड मला आहे. नवऱ्याला सायकल चालवता येते पण आवड अजिबात नव्हती.

पार्टनर सायकलिंगला का येत नाही यावर लोक आळस, स्टॅमिना, ऊन असं काय काय सांगतात. माझं मत विचाराल तर ९० टक्के वेळा कारण एकच असतं, वेगातला फरक. दोघं दोन सायकलींवर निघतात, सवय असलेला पुढे जातो, चढ संपला की थांबतो, पाणी पितो, फोन बघतो, तोवर दुसरा धापा टाकत पोचतो आणि तो पोचल्या पोचल्या पहिला विचारतो "निघूया?" म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज आहे त्याला ती मिळतच नाही आणि ज्याला नको होती त्याची झालेली असते. वर परत "अरे थोडंच राहिलंय". असं दोन-चार वेळा झालं की माणूस पुढच्या वेळी येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर आहे.

टँडम हा फरकच काढून टाकते. कोणी पुढे नाही, कोणी मागे राहत नाही, एक दमला तर थोडं हलकं पेडल मारतो आणि दुसऱ्याचा जोर चालू राहतो, पण पोचतात दोघं एकदमच. गप्पाही ओरडून मारायला लागत नाहीत कारण मागच्याचं तोंड तुमच्या कानापासून हातभरच लांब असतं. फक्त या एका गोष्टीसाठी मी टँडमला पूर्ण मार्क देईन. बाकीचे मार्क कुठे कापले ते पुढे येतंच.

थोडं मशीनबद्दल. पुढे बसतो त्याला कॅप्टन म्हणतात, मागच्याला स्टोकर. हँडल वळवणं, गिअर, ब्रेक सगळं पुढच्याकडे. उजव्या बाजूला नेहमीसारखी मागच्या चाकाकडे जाणारी चेन असते आणि डावीकडे आणखी एक लांब चेन, तिला टायमिंग चेन म्हणतात, ती दोघांचे पेडल एकमेकांना बांधून ठेवते. त्यामुळे साध्या टँडमवर दोघांचे पाय एकाच गतीने फिरतात, कॅप्टनने पाय थांबवले की मागच्याचेही थांबतात आणि हे न सांगता केलं तर मागच्याच्या गुडघ्याला झटका बसतो. आमचं पहिलं भांडण याच्यावरच. मला मिनिटाला ८५-९० फेऱ्यांची सवय, हलका गिअर आणि भराभर पाय, तर त्याला जड गिअरवर सावकाश दाबत जायला आवडतं. शेवटी मधे कुठेतरी ७५ च्या आसपास जमलं. अशाही टँडम मिळतात ज्यांच्यात दोघांना वेगवेगळे पाय थांबवता येतात, भांडणं टाळायला मला तरी ती आयडिया आवडली, पण मेकॅनिझम वाढतं आणि दुरुस्तीची कटकटही.

वेगाचं म्हणाल तर सपाट रस्त्यावर ही सायकल उडते. कारण सोपं आहे, सपाटीवर वेग वाढला की खरी लढाई वाऱ्याशी असते आणि इथे वारा कापतो एकच माणूस, मागचा त्याच्या आडोशाला, पण ताकद दोघांची. नवऱ्याला पहिल्यांदा मजा आली ती इथेच, त्याच्या एकट्याच्या सायकलवर जो वेग त्याने कधी बघितला नव्हता तो इथे गप्पा मारत मारत येत होता. चढावर मात्र सगळा हिशोब उलटतो. वाऱ्याचा फायदा गेला, वजन दोघांचं अधिक सायकलचं, आणि सीटवरून उठून दोघांनी एकत्र पेडल मारायचं तर बरीच प्रॅक्टिस लागते. म्हणून टँडम घेताना सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते नक्की बघा. चढावर संथ जायला लागतं हे आधीच मान्य करून टाका, नाहीतर तिथे परत "अजून जोर लाव ना" सुरू होतं आणि टँडम घेतली कशाला तेच विसरायला होतं.

उतार हा वेगळाच विषय आहे, इथे पैसे वाचवू नका. दोघांचं वजन उतारावर थांबवायचं म्हणजे ब्रेकवर प्रचंड लोड येतो. रिमला घासणारे ब्रेक लांब उतारावर सतत दाबून ठेवले तर रिम इतकी तापते की टायर फुटू शकतो, म्हणून पूर्वीच्या बऱ्याच टँडमना मागच्या चाकाला एक वेगळा ड्रम ब्रेक असायचा, फक्त उतारावर वेग धरून ठेवायला. आता डिस्क ब्रेक घ्या आणि डिस्क मोठी घ्या, २०३ मिलिमीटरची असेल तर उत्तम. चाकंही साधी चालत नाहीत, ३६ किंवा ४० स्पोकची लागतात, टायर जरा रुंद आणि वजनाच्या मानाने हवा जास्त. सिंगल सायकलची हलकी, कमी स्पोकची चाकं टँडमला कोणी लावून देत असेल तर तिथून निघा.

आता मागच्या सीटबद्दल, कारण ज्याला गोडी लावायचीय तो तिथेच बसणारे.

मागच्याला समोरचं काही दिसत नाही, दिसते ती तुमची पाठ. एकट्याच्या सायकलवर खड्डा दिसला की आपण नकळत सीटवरून थोडे उचलले जातो आणि धक्का पायात जिरतो, मागच्याला तो दिसतच नाही म्हणून सगळा धक्का थेट कमरेत. वर तो बसलेला असतो मागच्या चाकाच्या जवळ. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करायचे. एक, स्टोकरसाठी सस्पेन्शनवाला सीटपोस्ट (सीटखालचा धक्का जिरवणारा दांडा), ही अॅक्सेसरी नाही, गरज आहे, टँडमच्या बजेटमध्येच धरा. दुसरं फुकट आहे, तोंड उघडं ठेवायचं. खड्डा, गतिरोधक, गिअर बदलतेय, पाय थांबवतेय, ब्रेक लावतेय, डावीकडे वळतोय, सगळं आधी बोलायचं. सुरुवातीला बस कंडक्टर झाल्यासारखं वाटतं, पण मागचा माणूस विश्वास टाकतो तो यामुळेच. मला एकटीला सायकल चालवताना गप्प राहायची सवय, त्यामुळे हे जमायला त्याच्यापेक्षा मलाच जास्त वेळ लागला.

बुड दुखणं हे तर टँडम असो नसो सगळ्यांनाच. नवीन माणूस हमखास मोठी गुबगुबीत सीट मागतो, अर्ध्या तासासाठी ती ठीक आहे पण त्यापुढे ती मांड्यांना घासते आणि नको तिथे दाब देते, त्यापेक्षा बसायच्या हाडांच्या रुंदीला जुळेल अशी, जरा घट्ट सीट बरी. पॅडवाली शॉर्ट्स घ्या आणि त्याच्या आत अंडरवेअर घालायची नसते हे पार्टनरला स्पष्ट सांगा, लाजून कोणी सांगत नाही आणि मग शिवण घासून जखमा होतात. सीटची उंची अंदाजे बघायला पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवायची, पाय सरळ व्हायला हवा. बहुतेक नवशिके सीट फार खाली ठेवतात कारण पाय जमिनीला टेकावेसे वाटतात आणि मग गुडघे दुखले की दोष सायकलिंगला. टँडमवर मागच्याला पाय टेकायची गरजच नसते, थांबल्यावर तोल कॅप्टन सांभाळतो, त्यामुळे नवऱ्याची सीट पहिल्यांदाच योग्य उंचीवर गेली आणि गुडघ्याची तक्रार बंद.

नवऱ्याला मागे बसण्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हात मोकळे. मॅप तो बघतो, फोटो तो काढतो, वळायचा हात तो दाखवतो, मला पाणी तोच देतो. त्याला ट्रॅफिकचं टेन्शन असायचं ते गेलं. पण हे प्रत्येकाचं होईलच असं नाही हां, काही लोकांना हातात ब्रेक नसणं हेच भयंकर वाटतं. अशांना वर म्हटलेल्या ड्रम ब्रेकचा लिव्हर मागच्याच्या हँडलला लावून देता येतो, बरेच जुने टँडमवाले तसंच करायचे.

माझी सगळ्यात मोठी तक्रार साइझची. बहुतेक तयार टँडम फ्रेम पुढे मोठी आणि मागे छोटी असते. म्हणजे गृहीतच धरलंय की उंच, वजनदार पुरुष पुढे आणि छोटीशी बाई मागे. अनुभव कोणाला आहे हे कोणी विचारतच नाही! आमच्यात सायकल हाताळायचा अनुभव मला, उंची त्याची जास्त. आम्ही ट्राय केलेल्या पहिल्या एक-दोन टँडमवर मला पुढची नळी उंच पडत होती आणि मागे त्याचे हात माझ्या कमरेला खेटून, गुडघे हँडलला लागतायत. शेवटी पुढेमागे जवळपास सारख्या साइझची, उतरत्या नळीची फ्रेम शोधली आणि मागच्या हँडलचा स्टेम (हँडल धरून ठेवणारा दांडा) पुढेमागे सरकवता येणारा घेतला. हलका माणूस पुढे आणि जड मागे असेल तर जमतं, पण मागचा जरा वळून बघायला गेला की पुढे हँडलमध्ये लगेच जाणवतं, त्यामुळे सुरुवातीला हातांना बराच जोर लागतो. हासे पिनो नावाची एक जर्मन सायकल याला चांगलं उत्तर आहे, तिच्यात पुढचा माणूस आरामखुर्चीसारखा रेलून बसतो, चालवणारा मागे, आणि पुढच्याला हवं तेव्हा पाय थांबवता येतात, दोघांनाही रस्ता दिसतो. पण ती महाग प्रकरणात मोडते.

निघायची पद्धत शिकून घ्या, मोकळ्या मैदानात. कॅप्टनने दोन्ही ब्रेक दाबून पाय फाकवून उभं राहायचं (पाय खरंच लांब ठेवा, मागच्याने पेडल फिरवलं की पुढचं पेडल नडगीवर बसतं, कळवळायला होतं), स्टोकरने आरामात चढून दोन्ही पाय पेडलवर ठेवायचे, कॅप्टनचं पेडल वर आणून द्यायचं, मग एक दोन तीन. थांबताना फक्त कॅप्टनने पाय टेकायचा, मागच्याने बसून राहायचं. मागचा अर्धवट उतरायला गेला की दोघंही आडवे.

नवऱ्याला एक भीती होती की टँडमवर आपण पिकनिकला आलेल्यासारखे दिसू. त्याला सांगितलं की १९७२ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये टँडमची स्प्रिंट रेस होती, आणि पॅरालिम्पिकमध्ये आजही अंध आणि कमी दिसणारे खेळाडू मागे बसून, पुढे डोळस पायलट घेऊन टँडमवर रेस मारतात. त्या रेस त्याने मोबाइलवर बघितल्या आणि मग गप्प बसला.

आता वाईट बाजू पटापट. लांबी साधारण अडीच मीटर, त्यामुळे लिफ्टमध्ये जात नाही, गाडीवर लादायचं तर वेगळा रॅक. वळायला जागा जास्त लागते. टायमिंग चेनसारखे पार्ट प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. आणि दोघांना एकाच वेळी मोकळा वेळ नसेल तर सायकल भिंतीला टेकून उभी.

यापेक्षा मोठा मुद्दा असा की टँडमवर मागे बसून माणूस स्वतः सायकल हाताळायला शिकत नाही. तुमच्या पार्टनरला स्वतःची सायकल, स्वतःचा कंट्रोल हवा असेल तर टँडम घेऊ नका, त्याला किंवा तिला पेडल असिस्टवाली इ-बाइक घेऊन द्या आणि तुम्ही तुमची साधी सायकल चालवा. युरोपातल्या नियमाप्रमाणे अशा सायकलची मोटर २५० वॅटची असते आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद होते, म्हणजे चढावर ते तुमच्याबरोबर राहतात, कदाचित पुढेही जातात, आणि मग वर पोचल्यावर "निघूया?" ते विचारतात. ते ऐकायची तयारी ठेवा. ज्यांना तोल सांभाळता येत नाही, कमी दिसतं किंवा रस्त्याची भीती वाटते त्यांच्यासाठी मात्र टँडमच.

टँडमवाल्यांमध्ये एक नियम गमतीत सांगतात की स्टोकर कधीच चुकत नसतो. आम्ही तो सीरियसली घेतलाय. किती लांब जायचं, कधी थांबायचं, कधी परत फिरायचं हे मागचा ठरवतो. माझ्या मनात ५० किलोमीटर असतात आणि आम्ही कधी कधी २० वर परत येतो, चिडचिड होते, नाही असं नाही, पण पुढच्या रविवारी हेल्मेट तोच शोधत असतो.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक मार्क त्या फ्रेम साइझसाठी कापलाय आणि तो मी परत देणार नाही.

वापरलेली मिळत असेल तर डावीकडची टायमिंग चेन सैल पडलीय का ते बघा. ती ताणायला बऱ्याच टँडमना पुढच्या पेडलच्या एक्सलजवळ एक फिरवता येणारा भाग असतो, तो गंजून जाम झाला नाहीये ना ते फिरवूनच बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. शक्य असेल तर आधी भाड्याची चालवा. आणि विकत घ्यायच्या आधी कोणीतरी टँडमची सवय असलेला माणूस पुढे बसवून तुम्ही स्वतः मागच्या सीटवर एक मोठी चक्कर मारा, खड्ड्यांच्या रस्त्यावरून, आणि त्याला सांगा की मधे काहीही बोलू नकोस.